टपावरचा माणूस

आमच्या कामाला तीनच शब्द पुरतात. वर, खाली, थांब. चौथा शब्द बोलणारा एक तर नवीन असतो, नाहीतर साहेब.

मी लिफ्टचा मेकॅनिक. म्हणजे आम्ही दोघं, मी आणि माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला या धंद्यात मीच आणला. अख्खी कंपनी मला दाजी म्हणते आणि त्याला मेहुणा, जसे काही सगळेच माझ्या सासरवाडीचे. काम चालू असताना मी मशीनरूममध्ये, म्हणजे इमारतीच्या अगदी माथ्यावरच्या खोलीत. आणि तो खाली अंधारात, लिफ्टच्या केबिनच्या टपावर उभा. जुन्या लिफ्टना टपावर बटणं नसतात. हलवणारा मी, आणि सगळा कारभार आवाजावर. मी ओरडायचं, "खाली घेतो!" त्यानं तेच परत ओरडायचं, "खाली घे!" शब्द परत आला की हात चालवायचा. नाही आला तर लिफ्ट जागची हलत नाही, मग इमारतीचा मालक येऊन नाचो नाहीतर त्याची सासू. पण एकदा शब्द परत आला की मागं फिरणं नाही. ते झालंच म्हणून समजायचं.

ही सवय अंगात इतकी मुरते की घरी बायको डोकं धरते. ती म्हणते, "अहो, दूध संपलंय." मी म्हणतो, "दूध संपलंय," आणि पिशवी घेऊन उठतो. "निदान 'बरं' तरी म्हणा की माणसासारखं!" म्हणते. आता दूध येतंय ना घरात? मग?

मेहुण्याची बायको गेल्या थंडीत मुलीला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. भांडण नाही, तंटा नाही. निदान आमच्या कानावर तरी काही आलं नाही. तो मुळातच कमी बोलणारा. कमी बोलणारा माणूस आणखी कमी बोलायला लागला तर कुणाच्या लक्षात येणार? उलट आमच्या कामात गप्प माणसाचं कौतुकच असतं. मी आपली थट्टा करायचो, "मजा आहे लेका तुझी, घरी उशिरा गेलास तरी कुणी विचारत नाही." तो हसायचा. दाढी वाढली, डबा आणायचा बंद झाला, पण शब्द मात्र वेळेवर परत यायचा. मला तेवढंच लागत होतं.

मग तो दिवस आला.

एका जुन्या इमारतीत काम होतं. लिफ्ट कितीतरी दिवस बंद, भाडेकरू आमच्या नावानं बोटं मोडतायत, वॉचमन घटकेघटकेला वर येऊन "झालं का?" विचारतोय. मशीनरूमच्या जमिनीला दोन भोकं असतात. एकातून केबिनचे दोर खाली जातात, दुसऱ्यातून वजनाचे. वजन म्हणजे केबिनचा तोल सांभाळायला मागच्या बाजूला टांगलेली लोखंडी ठोकळ्यांची चळत. केबिन खाली गेली की ते वर येतं, केबिनच्या कडेला अगदी खेटून. टपावरच्या माणसानं त्या बाजूला केसभरसुद्धा बाहेर झुकायचं नाही, हे नवीन माणसाला आम्ही सगळ्यात आधी शिकवतो.

मी ओरडलो, "खाली घेतो!" खालून आलं, "खाली घे!" स्वच्छ, वेळेवर. मी हात चालवला आणि सहज नजर खाली गेली. त्याच्या कपाळावरच्या बत्तीचा उजेड केबिनच्या भोकातून यायला हवा होता. तो वजनाच्या भोकातून येत होता.

लिफ्ट कशी थांबवली ते मला विचारू नका. लाल बटणावर अख्खा तळवा आपटला एवढं आठवतंय. धडपडत जिने उतरलो, मजल्याचं दार किल्लीनं उघडलं. तो आता टपाच्या मधोमध उभा होता, शांत. वजन त्याच्या खांद्याच्या जरासं खाली येऊन थांबलं होतं. तोंडात येईल ते मी बोलत सुटलो. "गाढवा, डोकं घरी ठेवून आलास का? तुझा जीव माझ्या हातानं गेला असता रे! तुझ्या बहिणीला कुठल्या तोंडानं सांगितलं असतं मी?"

"दुर्लक्ष झालं, दाजी," तो म्हणाला. आणि हत्यारं आवरायला लागला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. म्हटलं, साहेबांच्या कानावर घालतो. तर ती माझ्यावरच उलटली. "बायको गेली, लेक गेली. आता नोकरी पण घालवता का त्याची? होतं माणसाचं दुर्लक्ष!"

"आणि तोच गेला म्हणजे?"

"काहीतरी अभद्र बोलू नका," म्हणाली आणि पातेलं असं आदळलं की शेजारचे डोकावले.

पण माझा जीव टांगणीला लागला होता. साध्या शब्दांत सांगायचं तर, एक दिवस हा माणूस माझ्या हातून मरणार, एवढंच मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. म्हटलं, कामावरून काढू नका, चांगला झापा आणि थोडे दिवस टपावर पाठवू नका. साहेब म्हणाले, "झापायला कशाला हवं? आता आपल्याकडे कोच आहे."

तर ही कोच. कर्मचाऱ्यांचा वैयक्तिक विकास आणि स्वास्थ्य यासाठी कंपनीनं नुकतीच नेमली होती. आम्हाला कोच म्हणजे मैदानावरचा माहीत, गळ्यात शिट्टी, पळा रे पळा. आली ती एक बारकीशी बाई, जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. पहिल्याच दिवशी बाईंचं नाव पडलं, शिट्टी. जुन्या केबलची खोली रिकामी करून तिथं दोन खुर्च्या टाकून दिल्या. ग्रीसचा वास काही गेला नाही, पण बाईंनी कधी नाकाला रुमाल लावला नाही, हे मान्य करायला हवं.

प्रत्येकाला एकदा जाणं सक्तीचं होतं. माझी पाळी आली तेव्हा विचारलं, "दाजी, स्वतःमध्ये काय सुधारावंसं वाटतं?"

"गुडघे."

हसल्या. मग म्हणाल्या, "गुडघे दुखतात तेव्हा कुणाला सांगता?"

हा काय प्रश्न झाला? गुडघा माझा, कळ माझी, सांगायचं कुणाला? मी म्हटलं, "मॅडम, मला कामावर जायला हवं." त्या म्हणाल्या, "तुम्हाला कामावर जायला हवं." शब्द परत आला. मी उठलो आणि गेलो. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. बाहेर येऊन मी सगळ्यांना हा किस्सा रंगवून सांगितला, लोक पोट धरधरून हसले. मेहुणाही तिथंच होता. तो हसला की नाही ते मी बघितलं नाही.

मेहुणा दर आठवड्याला त्या खोलीत जायला लागला. टपावर त्याला थोड्या दिवसांची बंदी होती, त्यामुळे टपावर मी, मशीनरूममध्ये दुसरा एक मेकॅनिक, आणि मेहुणा आपला हत्यारांची पेटी उचलायला. खोलीतून बाहेर यायचा तेव्हा डोळे लाल. "काय विचारते रे शिट्टी?" म्हटलं तर, "असंच." मला वाटायचं, चार दिवसांत हे खूळ उतरेल आणि जोडी परत जमेल. दुसऱ्या कुणाच्या हातावर विसंबून टपावर उभं राहायची मला सवय नव्हती.

आणि एक दिवस दुपारी ऑफिसातला कारकून सांगत आला, "दाजी, तुमच्या मेहुण्यानं किल्ल्या जमा केल्या. नोकरी सोडली म्हणतो."

मी धावत फाटकापाशी गाठला त्याला. "काय झालं?"

"मी मॅडमना म्हटलं, मला आता टपावर जायचं नाही. त्या म्हणाल्या, तुम्हाला आता टपावर जायचं नाही. झालं मग."

"झालं मग?"

"शब्द परत आला ना, दाजी."

त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती कुणावर तरी काढायला हवी होती. तडक त्या खोलीत घुसलो.

"मॅडम, तुम्हाला पगार माणसं सुधारायला देतात की घालवायला?"

त्याही घाबरलेल्याच होत्या. "मी नोकरी सोडा असं म्हटलंच नाही हो. ते मधेच उठून गेले. मी पुढं विचारणार होते."

"पुढं काय विचारणार? तुम्ही परत म्हटलंत ना, त्याच्या पाठोपाठ?"

"ती पद्धत असते. समोरच्याला कळावं की आपण ऐकतोय."

"आमच्यातही पद्धत असते!" मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. आम्ही काय ओरडतो, खालून काय येतं, शब्द परत आला की हात कसा चालतो, मागं फिरणं कसं नसतं. सांगता सांगता माझा राग उतरत गेला, कारण बाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता. त्या खुर्चीत बसल्या. चष्मा काढून हातात धरला.

"म्हणजे त्यांनी काहीही म्हटलं असतं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मी ते नुसतं परत म्हटलं असतं, तर..."

"तर झालंच समजा."

"अरे देवा."

"का? आणखी काय म्हणाला तो?"

"ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, दाजी. या खोलीतलं या खोलीत." पिशवी खांद्याला अडकवत त्या उठल्यासुद्धा. "ते राहतात कुठं, तेवढं सांगा. आत्ता."

मी पत्ता सांगितला. गल्लीचं नाव सांगताना लक्षात आलं, घराचा मजला मला नक्की माहीत नाही. बाई जवळजवळ पळतच गेल्या.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. बाई त्याच्या दारात संध्याकाळपर्यंत बसून होत्या. दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेल्या, हे माझ्या एकटीचं काम नाही म्हणाल्या. साहेबांशी वाद घातला. साहेबांचं म्हणणं, बाईंना नेमलं ते माणूस कामाला लागावा म्हणून, काम सोडावा म्हणून नव्हे. बाईंचं म्हणणं, माणूस राहिला तर कामाचं बघता येईल. शेवटी त्याच्या किल्ल्या परत आल्या, पण टपाचं काम गेलं ते गेलंच. त्याला वर्कशॉपमध्ये बसवलं, लिफ्टच्या दारांची कुलपं दुरुस्त करायला. आणि शिट्टीनं आमच्या माणसांचे शब्द परत म्हणायचं कायमचं सोडलं. आता ती विचारते, "म्हणजे कसं?" आणि गप्प बसून राहते. माणसं चक्क बोलतात तिच्याशी. माझा नवा जोडीदार मेकॅनिक, जो मला साधं "बरंय का" विचारत नाही, तो तिच्याशी अर्धा अर्धा तास बोलतो.

माझ्या घरात मात्र सुतक. बायको भावावर रुसली आणि माझ्याशी तर बोलणंच टाकलं. "एवढा हुशार मेकॅनिक, आता कुलपं घासत बसलाय," हे ती मला ऐकू जाईल असं भिंतीला सांगायची. तिच्या मते मी तोंड उघडलं म्हणून हे सगळं झालं, आणि भाऊ भित्रा निघाला. मीही मनातून चिडलोच होतो. एवढ्या वर्षांची जोडी एका वाक्यात मोडली होती.

मग एके दिवशी मीच एक बिघडलेलं कुलूप घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. बघतो तर दाढी केलेली, शेजारी डबा. टेबलावर सुटे भाग ओळीनं मांडलेले. बरं वाटलं, आणि बरं वाटलं की माझी जीभ सुटते. म्हटलं, "काय रे, या वयात उंचीची भीती बसली होय?"

त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "भीती उंचीची नव्हती, दाजी."

"मग?"

"त्या दिवशी दुर्लक्ष झालं नव्हतं. मला वजन कुठून येतं ते दिसत होतं. मी आधी डोकं बाहेर काढलं, आणि मग तुम्हाला 'खाली घे' म्हटलं."

आधी राग आला, खोटं कशाला बोलू. "माझ्या हातानं? अरे, माझ्या हातानं?"

"मॅडमनी पण हेच विचारलं. की पुढं दाजींचं काय झालं असतं. तोपर्यंत तुमचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. कुणाचाच येत नव्हता." तो खाली बघून बोलत होता, पण बोलत होता. एवढी वाक्यं सलग मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "रोज सकाळी टपावर पाय ठेवला की तेच यायचं डोक्यात. आजच करून टाकू. बंदी उठली की परत तेच झालं असतं, म्हणून म्हटलं, मला टपावर जायचं नाही. घाबरून नाही म्हटलं. जगावं म्हणून म्हटलं."

त्याला एक ठेवून द्यावी की कवेत घ्यावं ते मला कळेना. मी दोन्ही केलं नाही. तिथल्या एका खोक्यावर बसलो आणि रडलो. वर्कशॉपमधली माणसं बघत होती. बघू देत, म्हटलं.

"घरातल्या एका माणसाला सांगा, असं मॅडमनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी तुम्हाला सांगितलं. ताईला सांगायचं ते तुम्ही बघा. माझ्यानं नाही होणार."

घरी गेलो तर बायको भाजी चिरत होती, पाठ माझ्याकडे. मी सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, माझ्या हाताचंही सांगितलं. ती भांडेल, रडेल, मला बोल लावेल असं वाटलं होतं. तिनं सुरी धुतली, जागेवर ठेवली, गॅस बंद केला आणि दारात जाऊन चपला घातल्या. "चला," म्हणाली. इतक्या दिवसांत माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. दार उघडलं तेव्हा बनियनवर होता, आम्हाला बघून गोंधळला. एक खोली, एक खाट, खिडकीवर वाळत घातलेला शर्ट. भिंतीवर मुलीचा फोटो. माझ्या बायकोनं त्याला खाटेवर बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि त्याचा हात मांडीवर घेतला. मी भिंतीला टेकून उभा. मला वाटलं, आता ही म्हणेल, असं वेड्यासारखं मनात आणायचं नाही, शपथ घे, मुलीकडे बघ. आमच्याकडे असंच बोलतात.

पण ती म्हणाली, "तुला मरावंसं वाटतं का रे?"

इतकं सरळ. मी खिडकीकडे बघायला लागलो. खालून कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं.

"आता रोज नाही वाटत, ताई," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. ऐकलं, अशा अर्थानं. त्याचा हात तिनं सोडला नाही. मला तिथं उभं राहवेना, म्हणून मी चहा ठेवायला ओट्याकडे गेलो, आणि साखर कुठं ठेवतो ते त्याला विचारावं लागलं.